दिलेला शब्द आणि कुलूपबंद खोल्या: गावात समाजकार्य करताना पडलेला एक पेच

खाडीकाठची | ८ जुलै

नमस्कार. मी सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या काही वाड्यांमध्ये एका लहान संस्थेची कार्यकर्ती म्हणून गेली अकरा वर्षे काम करते. आठवड्यातून दोनदा घरोघरी जाऊन रक्तदाब पाहणे, औषधे घेतली जात आहेत की नाहीत ते तपासणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करणे आणि सरकारी योजनांचे अर्ज भरून देणे असे या कामाचे साधारण स्वरूप आहे. पुढे लिहिते आहे त्यातील वय, नाती आणि घराची काही वर्णने मी बदलली आहेत. प्रश्न मात्र जसा पडला तसाच मांडते.

एक आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. घर मोठे, चौसोपी म्हणावे असे, पण त्या राहतात पडवीत. माजघराला आणि आतल्या दोन खोल्यांना कुलपे आहेत आणि किल्ल्या मुंबईला मुलाकडे आहेत. दोन वर्षांपूर्वी घर आणि कलमांची बाग त्यांनी बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केली. बाग कराराने दिलेली आहे, तिचे पैसे मुलाकडे जातात. नवऱ्याच्या नोकरीचे थोडेसे निवृत्तिवेतन बँकेत जमा होते, पण एटीएम कार्डही मुंबईतच असते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की मात्र मुलगा न चुकता फोन करतो.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा चुलीवरच्या टोपात पेज होती. पेज म्हणण्यापुरते तिच्यात भाताचे शीत होते, बाकी पाणी. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट तीन आठवड्यांपूर्वी मी दिले होते, त्यातल्या चारच गोळ्या कमी झालेल्या होत्या. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, गोळी घेतली की भूक लागते. पट्टा बांधायला हात पुढे घेतला तर मनगटाच्या वर पिवळा पडत चाललेला जुना वळ दिसला. मे महिन्यात मुलगा येऊन गेला होता आणि कार्डावरून वाद झाला होता, एवढे त्यांच्या तोंडून निघाले आणि लगेच त्यांनी माझा हात धरला.

"गो बाय, ह्या कोणाक सांगू नको. माझो झील वायट नाय. तू खंय बोललंस तर तो चवतीक येवचो नाय. घरात गणपती इलो नाय तर माका जगान काय करूचा? माका वचन दी."

मी वचन दिले. विचार न करता दिले, कारण त्या रडत होत्या. "नाही सांगणार, आजी," असे म्हणाले आणि घरी येताना वाटेतल्या व्हाळापाशी गाडी थांबवून बराच वेळ बसून राहिले.

बाहेरच्या माणसाला गणपतीचे हे कारण क्षुल्लक वाटेल. आपल्याकडे तसे नाही. चतुर्थीला घर उघडले नाही, तर त्या घरातले माणूस जिवंत असूनही घर मेल्यासारखे धरले जाते. वर्षभर पडवीत राहणारी ही बाई त्या पाच दिवसांत माजघरात वावरते, नातवंडांना मोदक वाढते, वाडीतले आरती करायला आले की पुढे होऊन त्यांना बसायला सांगते. उरलेले तीनशे साठ दिवस ती या पाच दिवसांवर काढते. मी तक्रार केली आणि हे पाच दिवस गेले, तर मी तिला काय दिले आणि तिचे काय घेतले?

आणखी दोन गाठी आहेत. त्यांचे घर माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या भावकीत येते, त्यामुळे मी तिथे निव्वळ कार्यकर्ती म्हणून उभी राहूच शकत नाही. दुसरी गाठ अशी की, ती बाग ज्यांनी कराराने घेतली आहे ते आमच्या संस्थेच्या विश्वस्तांपैकी एक आहेत आणि आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीचे डिझेल त्यांच्या देणगीतून येते.

ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी लिहावे. दिलेला शब्द पाळावा, की मोडावा?

---

खलाशीनाका | ८ जुलै

यात पेच कसला? म्हाताऱ्या बाईला उपाशी ठेवले आहे आणि मारले आहे. पोलीस ठाण्यात जा आणि सांगा. संस्थांची माणसे चर्चा फार करतात.

---

वॉर्ड_क्रमांक_नऊ | ९ जुलै

मी मुंबईतील एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून सव्वीस वर्षे नोकरी केली आणि आता रत्नागिरीजवळ मूळ गावी राहतो. वरच्या प्रतिसादातील संताप समजतो, पण पोलीस ठाण्यातून परत आल्यावर त्या बाई त्याच पडवीत झोपणार आहेत आणि रात्री त्यांच्याजवळ कोणी नसणार आहे, हे तक्रार करणाऱ्याने विसरून चालत नाही.

माझ्या मते आपण तीन वेगळे प्रश्न एकाच प्रश्नात गुंडाळले आहेत. आजींच्या जिवाला आज धोका आहे का, हा पहिला. आपल्या नकाराचा अर्थ त्यांना कळतो का, हा दुसरा. आणि तो नकार त्या मोकळेपणी देत आहेत की भीतीपोटी, हा तिसरा, जो सर्वांत अवघड आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी एक माप वापरत असे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा मानसिक उपचारांपुरता कायदा आहे, आजींना तो लागू नाही. पण निर्णयक्षमता कशी पाहावी हे त्यात चांगले मांडले आहे. माणसाला दिलेली माहिती समजते का, निर्णय घेतल्याचे किंवा न घेतल्याचे परिणाम त्याला उमगतात का आणि तो आपला निर्णय शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य रीतीने कळवू शकतो का, एवढेच पाहायचे. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही, हेही त्याच कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. आजींनी गणपतीचे जे कारण सांगितले त्यात परिणामांचा हिशेब आहे. त्या भ्रमिष्ट नाहीत. त्यांनी किंमत मोजून नकार दिला आहे.

मात्र "गोळी घेतली की भूक लागते" हे वाक्य मला फार टोचले. माझ्या वॉर्डात असे वाक्य ऐकले असते तर मी गोपनीयतेचा विचार नंतर केला असता आणि आधी त्या बाईच्या पोटात काही जाईल असे पाहिले असते. अन्न पोचवायला कोणाचे गुपित फोडावे लागत नाही. आज डबा सुरू करा.

---

खाडीकाठची | ९ जुलै

डबा त्याच आठवड्यात सुरू केला आहे. बचत गटातील एक बाई दुपारी नेऊन देते. तिला एवढेच सांगितले आहे की आजींना चूल फुंकायची होत नाही. ते खोटे नाही, पण पूर्ण खरेही नाही, आणि त्याचाही मनाला थोडा काच आहे.

---

तहसील_कट्टा | १० जुलै

मी वकिली करतो, त्यामुळे कायद्यापुरते लिहितो.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा कायदा २००७ चा आहे. त्याखालचे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते. अर्ज ज्येष्ठ व्यक्तीने स्वतः करायचा. ती असमर्थ असेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येते आणि त्याने महिन्याभरात निष्कर्ष द्यायचे असतात. कोकणातल्या घरांसाठी हा समेटाचा टप्पा मला निकालाइतकाच मोलाचा वाटतो, कारण निकालानंतरही त्याच भावकीत राहायचे असते.

बक्षीसपत्राविषयी कलम २३ पाहावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानून रद्द करता येते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवे असे म्हटले. जानेवारी २०२५ मधील निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगितले. त्या प्रकरणात मुलाने आईला सांभाळण्याचे वेगळे वचनपत्र लिहून दिलेले होते. तेव्हा आजींकडे असा काही कागद, निदान साक्षीदार, आहे का ते विचारा. पण या कलमातला एक शब्दप्रयोग आपल्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे. हस्तांतरण रद्द होते ते "देणाऱ्याच्या इच्छेनुसार". किल्ली कायद्याने आजींच्याच हातात ठेवली आहे.

याला एक अपवाद म्हणावा असा भाग आहे. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने कुठे टाकले, तर कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. इथे ते लागू पडेल का, याविषयी मला शंका आहे, कारण मुलगा येतो, फोन करतो, घरातून काढत नाही.

आता आपल्याविषयी. "कोणालाही सांगणार नाही" असा शब्द समाजकार्यकर्त्याने देऊ नये, कारण तो पाळणे त्याच्या हातात नसते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये व्यावसायिक गोपनीयतेचे संरक्षण वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला आहे, समाजकार्यकर्त्याला नाही. उद्या न्यायालयाने बोलावले तर आपल्याला बोलावेच लागेल.

---

जाखडी | १० जुलै

कोणीच विचारत नाही म्हणून मी विचारते. हा धागा हाच त्या वचनाचा भंग नाही का? पडवी, कुलपे, बक्षीसपत्र, विश्वस्ताकडे बाग, फिरता दवाखाना. आमच्या तालुक्यातील पाच माणसे हे वाचून एक घर डोळ्यांसमोर आणू शकतील. ते चुकीचे घर असेल, तर आणखी वाईट.

---

खाडीकाठची | ११ जुलै

आपला प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. जे बदलले आहे ते असे बदलले आहे की माझ्या सासूबाईंनाही ओळखता येणार नाही, असा माझा समज आहे. चुकीच्या घराकडे बोट जाऊ शकते हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. लिहायच्या आधी हा धागा उघडण्याविषयी आजींना विचारायला हवे होते. पुढच्या खेपेस विचारीन आणि त्या नको म्हणाल्या तर व्यवस्थापकांना सांगून धागा काढून टाकीन.

---

कुंडलिकेकाठी | १२ जुलै

मी रायगडात कातकरी वाड्यांवर काम करतो. आमच्याकडचा पेच याच्या उलट टोकाचा आहे. तिथे कायद्याने पर्यायच ठेवलेला नाही, आणि तरीही सगळे निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात.

दिवाळीनंतर कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. परतताना एखादी सोळा वर्षांची मुलगी पोटुशी असते. तिच्या समाजाच्या लेखी तिचे लग्न झालेले असते, मुलगा अठरा-एकोणीसचा असतो, दोघे एका झोपडीत सुखाने नांदत असतात. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यात तिच्या संमतीला अर्थ नाही. विवाहित असली तरी पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीच्या बाबतीत पतीला मिळणारी सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये काढून टाकली. कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची आहे आणि न दिल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

पहिल्या वर्षी एका मुलीने मला सगळे सांगितले, मीही "घाबरू नकोस, मी आहे" असे म्हणालो आणि मग नियमाप्रमाणे माहिती दिली. मुलगा आत गेला. त्या वाडीवरच्या पुढच्या दोन बायका बाळंतपणाला दवाखान्यात आल्याच नाहीत. एकीचे मूल दगावले. माझ्या माहिती देण्याने ते दगावले असे कोणी म्हणत नाही. मीही तसे म्हणत नाही, पण त्या वाडीची पायवाट चढताना पाय जड होतात.

आता मी काय करतो ते सांगतो. मुलगी बोलायला लागण्याच्या आधी, समोर बसताच, मी तिला सांगतो की काही गोष्टी माझ्या कानावर आल्या तर मला त्या पुढे सांगाव्याच लागतात, आणि त्या कोणत्या तेही सांगतो. काही मुली त्यानंतर गप्प बसतात. पूर्वी त्या बोलत आणि मग फसवल्या गेल्यासारखे त्यांना वाटे, त्यापेक्षा हे मला बरे वाटते. ज्यांना गर्भपात हवा असतो त्यांच्याबाबत सप्टेंबर २०२२ च्या निकालाने एक वाट मिळाली आहे. मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ही गोष्ट आमच्या भागातील डॉक्टरांना मी निकालाची प्रत दाखवून सांगतो.

आपल्या आजींच्या बाबतीत कायदा कोणालाही तक्रार करण्याची सक्ती करत नाही. म्हणून सगळा भार आपल्यावर आला आहे. मला कधी कधी सक्ती असलेली बरी वाटते, कारण मग रात्री झोपताना म्हणता येते की माझ्या हातात काही नव्हते. हा विचार पळपुटेपणाचा आहे, हेही मला ठाऊक आहे.

---

डोंबिवली_मूळ_देवगड | १३ जुलै

मी कार्यकर्ता नाही. मी त्या मुलासारखा मुलगा आहे.

माझ्या गावच्या घराच्याही दोन खोल्यांना कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. घर सामाईक आहे, चुलत्यांशी वाटणीचा वाद आहे, आणि एकदा आई दवाखान्यात असताना तांब्या-पितळेची भांडी गेली. गावातल्या लोकांनी "पोराने आईला पडवीत ठेवली" असेच म्हटले असेल. आईला मुंबईत आणले तर ती दहा बाय बाराच्या खोलीत गुदमरते आणि महिन्याभरात परत जायचा हट्ट धरते.

मनगटावरच्या वळाचे समर्थन मी करत नाही. कार्ड काढून घेणेही चूकच. पण आतापर्यंत या धाग्यावर न्यायाधिकरण, पोलीस, कलमे सगळे झाले, मुलाला एक फोन करावा असे कोणीही लिहिले नाही. त्याला कदाचित ठाऊकही नसेल की आई पेजेवर आहे. आमच्या आया फोनवर "सगळा बरा आसा" याशिवाय दुसरे वाक्य बोलत नाहीत.

---

वॉर्ड_क्रमांक_नऊ | १३ जुलै

आपण लिहिलेत हे फार बरे झाले. मुलाला खलनायक ठरवून सुरुवात केली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात आणि बहुतेक चुकतात.

तरीही फोन करण्याच्या सूचनेला मी तूर्त विरोध करतो. आजींच्या परवानगीवाचून तो फोन केला, तर वचन मोडल्याचे सगळे तोटे होतील आणि संरक्षण काहीच मिळणार नाही. मे महिन्यात कार्डावरून हात उगारला गेला होता. "कार्यकर्तीकडे चुगली केलीस" यावरून पुन्हा उगारला गेला, तर त्या वेळी घरात तिसरे कोणी नसेल. रुग्णालयात मी एकदा नेमकी हीच चूक केली आहे. सुनेविषयी सासूने सांगितलेले मी मुलाला सद्भावनेने सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या मातोश्रींना डिस्चार्ज घेऊन घरी घेऊन गेले. पुढे त्यांचे काय झाले ते मला कधीच कळले नाही.

माझा सल्ला एवढाच की, आजींकडे परत जा आणि दिलेला शब्द तोंडावर दुरुस्त करा. गुपचूप मोडू नका. आणि मुलाशी बोलायचे झाल्यास कोणी बोलावे, हे त्यांनाच ठरवू द्या. आपण सोडून कोणीतरी असेल.

---

तहसील_कट्टा | १४ जुलै

आणखी एक वाट सुचवतो. २००७ च्या कायद्याच्या आदर्श नियमांप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते आणि पोलिसांच्या प्रतिनिधीने शक्यतो समाजकार्यकर्त्यासह महिन्यातून निदान एकदा त्यांना भेटायचे असते. संपूर्ण वाडीतील एकट्या वृद्धांची यादी देऊन या भेटी सुरू करवल्या, तर आजींचे नाव वेगळे काढावे लागत नाही आणि घराकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हे मुंबईपर्यंत आपोआप पोचते. कोकणात बातमी पोचायला कष्ट पडत नाहीत.

---

जाखडी | १४ जुलै

सूचना चांगली आहे. फक्त गणवेशातला पोलीस एकट्या बाईच्या दारात आला की वाडीत तिसऱ्याच गोष्टी सुरू होतात, त्याचा विचार व्हावा.

विश्वस्तांच्या मुद्द्याला मात्र कोणी हात घातलेला नाही. मला तो या सगळ्याच्या मुळाशी वाटतो. बागेचे पैसे ज्यांच्याकडून मुलाकडे जातात, त्यांच्याच डिझेलवर आपण आजींच्या दारात जाता. डॉक्टर किंवा वकील चुकला तर त्याची परिषद आहे. आपल्या देशात समाजकार्याचे शिक्षण मुंबईत १९३६ साली सुरू झाले, पण गावोगाव काम करणाऱ्या कार्यकर्त्याचे वर्तन तपासणारी तशी वैधानिक परिषद आजही नाही. म्हणजे आपल्याला विचारणारे फक्त आपले विश्वस्त मंडळ, आणि त्यातच हे गृहस्थ बसलेले. आपण त्यांच्याविषयी गप्प राहिलात तर ते आजींसाठी, की गाडीसाठी, हे आपणच स्वतःला विचारावे. शब्द कठोर वाटल्यास क्षमस्व.

---

खाडीकाठची | १६ जुलै

शब्द कठोर नाहीत. दोन वर्षांपूर्वी गाडी बंद पडली होती तेव्हा आम्ही तीन महिने वाड्यांवर जाऊ शकलो नव्हतो, म्हणून त्या देणगीची किंमत मला नेमकी ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी पहिल्या पोस्टमध्ये तो मुद्दा शेवटी लिहिला, हेही आता दिसते आहे.

एक लहानशी गोष्ट. परवा निघताना आजींनी पदराखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले सुके काजूगर काढून हातात दिले. मूठभर असतील. संस्थेचा नियम लाभार्थ्याकडून काही घेऊ नये असा आहे. ज्या घरात पेजेत शीत नाही त्या घरातून काजू घ्यायचे कसे, आणि न घेऊन त्यांना पुन्हा नुसतीच घेणारी म्हणून बसवायचे कसे? मी दोन तिथेच खाल्ले, दोन त्यांना खायला लावले आणि बाकीचे डब्यात टाकून त्यांच्याच फळीवर ठेवले. नियम मोडला की पाळला, ते मला सांगता येणार नाही.

---

कुंडलिकेकाठी | १६ जुलै

आपण सगळे नोंदवहीत कसे लिहिता? आमच्या कार्यालयातील कपाटाला कडी आहे, कुलूप नाही. वह्या कोणीही चाळतो. शिधावाटपाची छायाचित्रे तर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरतात, लाभार्थी हात पसरून उभा आणि देणगीदार हसतमुख. आपण गोपनीयतेवर एवढे लिहितो आहोत आणि निम्मी गोपनीयता त्या कपाटापाशीच संपते.

---

खाडीकाठची | ९ सप्टेंबर

दोन महिन्यांनी लिहिते आहे. मध्यंतरी काही जणांनी विचारले होते, पण आजींची परवानगी मिळेपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते. ती मिळाली आहे. "नाव घालू नको, बाकी काय्य लिही, वाचूक कोण येतलो?" असे त्या म्हणाल्या.

जुलैच्या शेवटी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले की मी तुम्हाला दिलेला शब्द घाईने दिला, तो जसाच्या तसा मला पाळता येणार नाही. तुमच्या पोटात अन्न नसेल किंवा पुन्हा कोणी हात लावला तर मी डॉक्टरांना आणि गरज पडल्यास त्यापुढेही सांगेन, पण सांगण्याआधी तुम्हाला येऊन सांगेन, तुमच्या मागे काही करणार नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे तू पण तशीच." पुढचे दोन आठवडे त्यांनी डबा घेतला, पण रक्तदाब पाहू दिला नाही. ते दोन आठवडे मला फार जड गेले.

न्यायाधिकरण, समेट, बक्षीसपत्र रद्द करणे, हे सगळे मी त्यांना सोप्या शब्दांत समजावून सांगितले. कागद आहे का विचारले, तर कागद नाही. बक्षीसपत्राच्या वेळी दोन साक्षीदार होते त्यांतले एक आता हयात नाहीत. अर्ज करायला त्यांनी ठाम नकार दिला. वळाची नोंद मात्र त्यांच्या संमतीने आमच्या डॉक्टरांनी तारखेसह करून ठेवली आहे, आणि ती वही आता कुलपात आहे.

मुलाशी कोणी बोलावे, हा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले. कणकवलीला त्यांची भाची शिक्षिका आहे, तिने बोलावे. भाची बोलली. काय बोलली ते मला सांगितलेले नाही आणि मी विचारलेही नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एटीएम कार्ड कुरिअरने आले, त्याच्याबरोबर गुप्त क्रमांकाची चिठ्ठी नव्हती, म्हणून आजी आणि मी बँकेत गेलो आणि नवीन क्रमांक करून घेतला. पहिले पैसे काढले तेव्हा त्यांनी तीनदा मोजले आणि बाहेर येऊन मला भजी खाऊ घातली. ती मी खाल्ली.

२७ ऑगस्टला चतुर्थी झाली. मुलगा आला, गणपती आला. मी आरतीला गेले होते, सासूबाईंबरोबर, भावकीतली म्हणून. मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता. त्याला कळले असावे किंवा नसावे. विसर्जनानंतर परत जाताना त्याने माजघराची किल्ली आईकडे ठेवली. आतल्या दोन खोल्या बंदच आहेत.

विश्वस्त मंडळाला मी पत्र दिले. आजींचा उल्लेख न करता एवढेच लिहिले की आमच्या एका लाभार्थी कुटुंबाशी एका विश्वस्तांचा आर्थिक व्यवहार आहे, तेव्हा त्या कुटुंबासंबंधीचे निर्णय त्यांच्या अनुपस्थितीत व्हावेत, आणि मीही नात्यातली असल्याने ते काम दुसऱ्या कार्यकर्तीकडे द्यावे. त्या गृहस्थांनी बैठकीत एक शब्दही काढला नाही. या महिन्याचे डिझेलचे पैसे अजून आलेले नाहीत. उशीर झाला आहे की थांबले आहेत, हे पुढच्या सोमवारी कळेल.

नवीन कार्यकर्ती काल पहिल्यांदा आजींकडे गेली होती. तिला आजींनी पडवीतच बसवले, पाणी दिले आणि विचारले, "ती येवची नाय काय?" मी उद्या जाणार आहे. काम म्हणून नाही, आणि काम म्हणून नाही हे त्यांना कसे सांगायचे ते मला अजून सुचलेले नाही.

---

वॉर्ड_क्रमांक_नऊ | ९ सप्टेंबर

जा. रक्तदाबाचे यंत्र घरी ठेवून जा.